स्वित्झर्लंडमध्ये एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट मिळतंय, घ्यावं का?

एकटे असाल तर घ्या. बायको-मुलांना नेणार असाल तर आधी हिशेब मांडा, आणि तो फ्रँकमध्येच मांडा. पगाराला रुपयाच्या दराने गुणलं की डोळे दिपतात, खर्चाला कोणी गुणत नाही.

कर बहुतेक परदेशी नोकरदारांच्या पगारातूनच कापला जातो. आरोग्य विम्याचं तसं नाही. तो पोहोचल्यापासून तीन महिन्यांत आपणच घ्यायचा. मी हुशारी केली, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी घेतला, दोन हप्ते वाचतील म्हणून. बिल आलं ते थेट आल्या दिवसापासूनचं! शिवाय वर्षाला 300 ते 2500 फ्रँकपर्यंतचा औषधपाणी खर्च आधी आपल्याच खिशातून. आकडा आपण निवडायचा, तो जितका मोठा तितका हप्ता लहान.

घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असू शकतं, आणि ते पहिला पगार व्हायच्या आत भरावं लागतं. तेवढी गंगाजळी जवळ आहे का?

कंपनीला एक नक्की विचारा: सांगितलेला वार्षिक पगार बारा हप्त्यांत की तेरा? तिकडे तेरावा पगार सर्रास असतो, त्यामुळे महिन्याचा आकडा बदलतो.