मे महिना जपा

शिकवायला लागल्यावर पहिल्या वर्षी वाटेल, एप्रिल संपला की आपण मोकळे. तसं होत नाही. पेपर तपासणी, तोंडी परीक्षा, निकालाची कामं यांत निम्मा मे जातो. उरलेले दोन-तीन आठवडे मात्र कुणालाही देऊ नका, आणि त्यात एकच काम धरा.

मी इतिहास शिकवतो. एका सुट्टीत मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचायला बसलो. आधी पानभर आडवी रेघ, तिला टांगलेली अक्षरं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिल्या चार ओळींना आठवडा लागला! पुढे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊ लागलो. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभी केलेली ही संस्था आपल्या विषयाचं माहेरच आहे. ऊन चढायच्या आत निघायचं, दुपारी घरी देवनागरीत लिप्यंतर करायचं. सोबत पेन्सिलच ठेवा, जुन्या कागदाजवळ शाई नको.

जुलैत वर्गात एका मोडी पत्राची झेरॉक्स फिरवली. मागच्या बाकावरची पोरं उठून पुढे आली, "सर, हा 'ग' का?" म्हणून. तासाची घंटा झाली तरी हलली नाहीत.

शोधनिबंधाची घाई नको. आधी वही भरू द्या.