आजोबांची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) ठेवता येईल का?

तुमच्या वडिलांकडे परवान्यावरची दोन हत्यारं आणि निफाडच्या वाड्यात आजोबांची बाराबोअर दुनळी, म्हणजे हत्यारं तीन. वडिलांच्या नावावर तिसरं चढणार नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने माणशी बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच होतं, आरडाओरडा झाल्यावर दोन केलं. वारसाहक्काची बंदूकही त्यातच मोजतात, ‘घराण्याची आठवण’ वगैरे चालत नाही. (भिंतीवर टांगून ठेवणारे अजून भेटतात, तो भाग वेगळा.)

पण तुम्ही वारस आहात आणि तुमच्या नावावर एकही नाही ना? मग स्वतःच्या नावाने अर्ज करा. 2016 च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी तशी सोय आहे. निफाड नाशिक ग्रामीणमध्ये येतं, म्हणून अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. नाशिक शहरात राहात असाल तर पोलीस आयुक्तालयात. परवाना मिळेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावतीवर मेक (बनावट कुणाची), बोअर (नळीचं माप), नळीवरचा नंबर नीट उतरवून घ्या. एक आकडा चुकला तरी पुढे हेलपाटे ठरलेले.

एक बरं झालं, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. आणि हो, वरातीत बार काढायचा मोह नको. त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.