छबिना सकाळी निघत नाही

मुळशी तालुक्यातून प्रश्न आला आहे: गावच्या भैरवनाथाच्या पत्रिकेवर ‘जत्रा’ छापावं, ‘यात्रा’ की ‘उरूस’? सोबत पत्रिकेचा मसुदाही जोडला आहे.

पहिले दोन शब्द एकच. संस्कृत ‘यात्रा’, प्राकृत ‘जत्ता’. शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणं ही प्राकृताची रुळलेली वाट: यंत्राचं जातं, युगाचं जू, यातृची जाऊ. त्यामुळे ‘जत्रा गावंढळ आणि यात्रा शुद्ध’ हा वाद पोकळ आहे. ‘उरूस’ अरबी, मूळ अर्थ लग्न. पुणे-सातारा पट्ट्यात भैरवनाथाचाही उरूस भरतो आणि कित्येक गावांत त्याच वेळी त्याचं जोगेश्वरीशी लग्न लागतं. शब्द इथे रुजला तो याच लग्नामुळे, असं माझं मत. खुशाल छापा.

हरकत आहे ती मसुद्यातल्या तिसऱ्या ओळीला: ‘सकाळी १० वा. श्रींचा भव्य छबीना’. जिल्ह्यातल्या फ्लेक्सांवर दर चैत्रात हेच वाचावं लागतं, आणि दरवेळी तितकंच खटकतं.

छबिना रात्रीचाच असतो. फारसीत ‘शब’ म्हणजे रात्र (शबनम, शब-ए-बरात यांतला तोच) आणि ‘शबीना’ म्हणजे रात्रीचा. जुन्या मराठी कागदांत छबिना म्हणजे रात्रीची गस्त, पहारा. तिथून तो देवाच्या रात्रीच्या पालखीला लागला. तुळजापूरचा छबिना प्रसिद्धच आहे. दिवट्या, मशाली यांचा सगळा थाट अंधारासाठी आहे. १० वाजताच्या उन्हात मशाल दिसतसुद्धा नाही.

‘छबिना म्हणजे देवाची छबी मिरवणं’ असं काही जाणकार छातीठोकपणे लिहितात. मग पुढचा ‘ना’ कुठून आला, ते कोणी सांगत नाही. तो फारसी ‘ईना’ प्रत्यय आहे: माह म्हणजे चंद्र, त्याचा महिना, रोज म्हणजे दिवस, त्याचा रोजिना, तसा शबचा छबिना. शेरणीत (देवाच्या गोड प्रसादात), शहरात फारसी ‘श’ टिकला आणि इथेच ‘छ’ झाला, त्यात ‘छबी’चा कानाला लागलेला नाद कारणीभूत असेल, एवढंच मान्य. नाद म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. शुद्धलेखनाचा निकालही इथेच लागतो: महिनासारखाच छबिना, ‘बि’ ऱ्हस्व.

आणि ज्यांना फारसी शब्द देवळात नको आहे त्यांच्यासाठी: ‘शब’ ही संस्कृत ‘क्षपा’ची सख्खी बहीण. क्षपा म्हणजे रात्र, क्षपाकर म्हणजे चंद्र. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, तोच शब्द ‘ख्शप’ असा आहे. पुढे फारसीने ‘ख्श’चा ‘श’ केला, प्राकृताने ‘क्ष’चा ‘छ’. क्षण म्हणजे उत्सव, प्राकृतात छण, मराठीत सण! इराणातून फिरून आलेली क्षपा ‘छ’ घेऊनच आपल्या सणात परत बसली. ‘छबिना काढून शोभायात्रा लिहा’ म्हणणाऱ्यांनी हे नातं आधी तपासावं.

वेळ सकाळी सरकण्याचं कारण उघड आहे. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, आणि पालखी रेंगाळली की पुढचा तमाशा अडतो. त्यावर उपाय म्हणजे पालखी ८ ला उचलणं. पहाटे अभिषेक, सकाळी मांडव डहाळे, संध्याकाळी शेरणी, अंधार पडल्यावर छबिना आणि शोभेची दारू, मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी (दिवसाचा खेळ), दुपारी कुस्त्यांचा हगामा. (‘हगामा’ही फारसीच, हंगामाचा भाऊ.) मिरवणूक सकाळीच काढायची असेल तर तिथे ‘पालखी सोहळा’ छापा आणि तो ‘भव्य’ही काढा.