डिस्क गोल्फसाठी कोणती सॅक घ्यावी? आधी डिस्कची चळत मोजा

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी चपट्या तबकड्या, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायचा खेळ. तुमच्याकडे 16 डिस्क झाल्या आहेत, अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या उन्हात 18 होल (म्हणजे 18 टोपल्यांची फेरी) खेळता, एका खांद्याची बॅग आता टोचते, आणि लॅपटॉपची जुनी सॅक चालेल का असं विचारताय. मी म्हणेन, खास डिस्क गोल्फचीच घ्या. लॅपटॉपच्या सॅकमध्ये डिस्क मावतात, पण पटकन हाती लागत नाहीत. कप्पा खोल आणि तोंड वर, त्यामुळे त्या एकमेकींवर आडव्या पडतात. तळातली हवी असली की वरच्या सगळ्या उपसा. डिस्कच्या सॅकमध्ये मुख्य कप्पा खालच्या बाजूला असतो, समोरून उघडतो, आणि डिस्क फडताळातल्या पुस्तकांसारख्या कडेवर उभ्या राहतात. हवी ती दोन बोटांनी निघते.

आकार ठरवायचा तर दुकानाच्या पानावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुधा पातळ ड्रायव्हर (लांब फेकीच्या डिस्क) धरून लिहिलेला असतो. पटर (टोपलीजवळच्या फेकीच्या) आणि मिडरेंज (मधल्या अंतराच्या) डिस्क जास्त जागा खातात. आपल्या सगळ्या डिस्क टेबलावर एकावर एक रचा आणि चळतीची उंची टेपने मोजा. एकीला साधारण दीड ते पावणेदोन सें.मी. लागतात, म्हणजे तुमच्या 16 डिस्कची चळत 24 ते 28 सें.मी. भरेल. त्यात तीन डिस्कची, म्हणजे 5 सें.मी. जागा वाढवा. कप्प्याची आतली लांबी एवढी हवी. डिस्कचा व्यास 21 ते 22 सें.मी. असतो, तेव्हा खोली आणि उंची 23 सें.मी.च्या खाली नको, नाहीतर चेन लावताना कडा अडकतात.

मोठी घ्यावी म्हणजे पुढे उपयोगी पडेल, हा विचार इथे चुकतो. अर्धी रिकामी सॅक असली की डिस्क तिरक्या कलंडतात आणि एक ओढली की दोन बाहेर येतात. शिवाय रिकामी जागा आपण भरतोच, आणि ती पाठीवर येते. हिशेब बघा. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमाने डिस्कचं वजन व्यासाच्या दर सें.मी.ला 8.3 ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून 21.2 सें.मी.ची डिस्क फार तर 175-176 ग्रॅमची. 16 डिस्क म्हणजे पावणेतीन किलो. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात दोन लिटर पाणी हवंच, ते दोन किलो. टॉवेल, छत्री, खाऊ मिळून एक किलो. कडक चौकटीच्या मोठ्या सॅका रिकाम्याही दोन किलोंच्या आसपास असतात. झाले पावणेआठ किलो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि घेताना लोक जे बघतच नाहीत ते: सॅकचं बूड. पार 54 ची, म्हणजे 54 फेकींत संपणं अपेक्षित असलेली फेरी खेळताना तुम्ही जवळजवळ प्रत्येक फेकीला सॅक खाली ठेवता आणि उचलता, म्हणजे 40-50 वेळा. बूड मऊ असेल तर ती बसकण मारते, मग समोर कलंडते आणि डिस्क गवतात घरंगळतात. बूड कडक, सपाट आणि पाणी न शोषणारं हवं. कापडी असेल तर दवातलं पाणी आत झिरपतं आणि टॉवेलला कुबट वास येतो. मागे टेकू असेल तर उत्तम, पण त्याचा सांधा हलवून बघा. लटपटत असेल तर उतारावर तो पहिला तुटतो. उचलायची मूठ वर मध्यभागी आणि जाड शिवणीची असावी. पाठीचे पट्टे सोडून उचलण्याचा सगळा ताण त्या एका शिवणीवर येतो.

पट्टे रुंद आणि भरीव घ्या. छातीवरचा पट्टा हवाच, कारण खांद्याचे पट्टे बाहेर सरकले की खेळाच्या हाताचा खांदा आखडतो. कमरपट्ट्यासाठी जास्त पैसे मोजू नका. दर फेकीला तो सोडत-लावत कोण बसणार? पटरसाठी वर वेगळा, उघडा कप्पा मात्र सोडू नका. दर होलला पटर लागतो, आणि त्यासाठी चेन उघडत बसलात तर चेनच आधी खराब होते. बाटलीचे कप्पे दोन्ही बाजूंना हवेत. एकीकडेच पाणी असलं की सॅक त्या बाजूला झुकते.

नावं हवी असतील तर: डायनॅमिक डिस्क्सची ट्रूपर हलकी, तुलनेने स्वस्त आणि 18 च्या आसपास डिस्कची, म्हणजे तुमच्या मापाची. ग्रिप इक्यूच्या सॅका महाग, पण आकार धरून ठेवतात. आठवड्याला एक फेरी असेल तर मी पहिलीच घेईन. सॅक ठेवून न्यायच्या ढकलगाडीचा विचार सपाट कोर्ससाठीच करा. मुळं आणि दगड असलेल्या झाडीत ती उचलूनच न्यावी लागते.

दुकानात जाताना आपल्या 16 डिस्क आणि भरलेल्या बाटल्या घेऊन जा, सॅक भरून पाठीवर चढवा आणि पाच वेळा जमिनीवर ठेवून उचला. आणि घेतल्यावर भरलेली सॅक उन्हात बंद गाडीत ठेवू नका. आत ताप चढतो, एकमेकींच्या दाबाखाली मऊ प्लास्टिकच्या पटरच्या कडा वाकतात, आणि मग तो सरळ जात नाही.