मे महिन्यात मागे राहिलेले पक्षी

प्रश्न : मी आक्षीला राहते. थंडीत आमच्या किनाऱ्यावर कुरव आणि चिखल्यांचे थवेच्या थवे असतात. ते उन्हाळ्यात उत्तरेकडे परततात. पण यंदा निम्मा मे उलटला, तरी ओहोटीला काही करडे चिखल्ये आणि लांब वाकड्या चोचीचे दोन मोठे पक्षी दिसतायत. आजारी असतील का? त्यांना खायला घालावं का?
– एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : ताई, खायला अजिबात घालू नका. ते बहुधा ठणठणीत आहेत. वाकड्या चोचीचे ते कर्ल्यू असावेत. डोक्यावर ठळक पट्टे असतील तर व्हिंब्रेल.

मागे राहणारी ही बहुतेक गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली पाखरं. यांतल्या अनेक जाती पहिल्या वर्षी वीण करत नाहीत, मग सायबेरियापर्यंत जीव तोडून उडायचं कशाला? ती पावसाळाही इथेच काढतात. निघणाऱ्यांचा रंग आधी बदलतो : सँड प्लोव्हर या चिखल्याची छाती तांबूस होते, कर्ल्यू सँडपायपर (हा कर्ल्यूहून वेगळा, छोटा पक्षी) पोटापर्यंत विटकरी होतो. राहणारी मात्र करडीच, पिसं झिजलेली. म्हणूनच ती तुम्हाला मलूल वाटली असणार.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पहाटे सहाच्या आसपास पूर्ण ओहोटी असते. तेव्हा जा आणि एका जागी बसून राहा. भरती चढेल तसे पक्षी आपणहून जवळ येतात. कर्ल्यूवर नजर ठेवा. चोच मुळापर्यंत बिळात घालून तो खेकडा ओढतो, झटके देऊन त्याचे पाय तोडतो आणि मग धड गिळतो. मी हे कितीही वेळ बघू शकतो.

भरतीला वाळूची पट्टी अरुंद होते आणि पक्षी एका पायावर उभे राहून विसावतात. नेमकी तेव्हाच सुट्टीतली मंडळी गाड्या पळवतात, फोटोसाठी मुलांना थव्यात धावायला लावतात. याचा मला मनापासून राग येतो. उन्हातान्हात मिळालेली ती विश्रांती असते. तुम्ही तिथल्याच आहात, चार शब्द सांगून पाहा. कुत्रीही आवरायला सांगा.

जूनपासून गोष्ट वेगळी. वादळी वाऱ्याने मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी थकून किनाऱ्याला लागतात. असा पक्षी जवळ गेल्यावरही उडाला नाही, तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. चोचीपासून स्वतःला जपून, टॉवेलात धरून, भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.