फोन शाळेत आणि फोन वर्गात

मुलगी आठवीत आहे. शाळेतून परस्पर क्लासला जाते, घरी यायला सात वाजतात. शाळा म्हणते, फोन आणायचाच नाही. काय करू? (एक आई, नाशिक)

आधी लेखी अर्ज द्या. 2025 साली दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्रीय विद्यालयातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात सांगितलं, की शाळेत स्मार्टफोनवर सरसकट बंदी योग्यही नाही, व्यवहार्यही नाही. सोय असेल तिथे फोन आल्यावर जमा करावा, जाताना परत न्यावा. वर्गात वापर मात्र नको. महाराष्ट्रातल्या शाळेवर हा निकाल बंधनकारक नाही, पण मुख्याध्यापकांपुढे ठेवायला आधार भक्कम आहे. आणि "निघाले, पोचले" एवढंच कळवायचं असेल तर बटणांचा साधा फोन पुरतो. निम्मा वाद तिथेच मिटतो.

सायलेंटवर दप्तरात असला तर बिघडलं कुठे? (दहावीतला विद्यार्थी, सातारा)

अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सगळ्यांचे फोन सायलेंटवरच होते. तरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी बाकावर ठेवलेल्यांपेक्षा चांगली कामगिरी केली. नंतरच्या प्रयोगांत हा फरक दर वेळी दिसला नाही, हेही सांगतो. पण मागच्या बाकावर मांडीखाली एक स्क्रीन उजळली की आजूबाजूच्या तीन माना तिकडे वळतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचार.

फोन जमा करून घेईन. हरवला तर भरपाई कोण देणार? (वर्गशिक्षिका, लातूर)

ही जोखीम एकटीने मुळीच घेऊ नका. पालक-शिक्षक संघाच्या सभेत नियम लेखी ठरवा, पालकांच्या सह्या घ्या आणि जबाबदारी कुणाची हे त्यातच लिहा. फोन बंद करून हजेरी क्रमांकाच्या कप्प्यात, कपाटाची किल्ली कार्यालयात. परत देताना झुंबड उडते, म्हणून शेवटच्या तासाची पाच मिनिटं त्यासाठी ठेवा. नियम मोडला तर फोन पालकांच्याच हाती द्या. पण उघडून बघू नका, पासवर्ड मागू नका. तो आपला अधिकार नव्हे.

शाळेत बंदी घातली की मुलं सुधारतील? (एक आजोबा, सांगली)

तेवढ्याने नाही. इंग्लंडमधल्या 30 शाळांच्या अभ्यासात (2025) बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात ठळक फरक दिसला नाही. घरी गेल्यावर फोन हातात असतोच. तुमच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने 2022 पासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मोठ्यांचेही, हे महत्त्वाचं. शाळांनाही एक सांगणं आहे: दिवसभर फोन नको म्हणायचं आणि गृहपाठ रात्री व्हॉट्सॲपवर टाकायचा, हे बंद करा. फळ्यावर लिहा, मुलं वहीत उतरवून घेतील.