पंप खोलण्याआधी हवा शोधा

प्रश्न : माझा सहा सिलिंडरचा जुना डिझेल ट्रक आहे, लाइन पंपाचा (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा भाग असलेला डिझेल पंप). ब्रेक दाबून थांबलो की इंजिन आचके देत बंद पडतं. सकाळी हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारल्याशिवाय सुरू होत नाही. टाकी भरली की दोन्ही त्रास थांबतात, अर्ध्याखाली गेली की परत सुरू. शिवाय स्लोवर (रेस न देता) इंजिन थरथरतं. टाकी भरलेली असो वा नसो, थरथर असतेच. रेस दिली की जाते. डिझेल फिल्टर बदलले. मिस्त्रींनी स्लो वाढवून दिला, तरी बंद पडतो. आता ते पंप ओव्हरहॉल करायला सांगतात. करावा का?

उत्तर : नको. आत्ता पंपाला कुणाला हात लावू देऊ नका. माझा सगळा काळ पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक) दुरुस्तीच्या बाकावर गेला आहे. काहीही बिघडलेलं नसताना खोललेले पंप माझ्याकडे येतात तेव्हा जीव तुटतो. कारखान्यातलं सील तोडून, स्क्रू फिरवून, मालकाचा पैसा घालवून झालेला असतो आणि खोट निघते टाकीकडच्या पाइपात.

तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य म्हणजे ‘टाकी भरली की दोन्ही त्रास थांबतात’. पंपातल्या एलिमेंटला, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या भागाला, टाकीत किती डिझेल आहे हे कळत नाही. ते कळतं टाकीत उतरलेल्या ओढनळीला. ती नळी मध्येच चिरली असेल, गंजून तिला भोक पडलं असेल, तर टाकी भरलेली असताना चीर डिझेलमध्ये बुडालेली राहते आणि इंजिनाला काही फरक पडत नाही. पातळी चिरेच्या खाली गेली की नळी डिझेलबरोबर हवाही ओढते. ब्रेक दाबल्यावर डिझेल टाकीत एका बाजूला धावतं, तेव्हा चीर क्षणभर उघडी पडते. रात्रभर ट्रक उभा राहिला की त्याच चिरेतून पाइपात हवा शिरते, डिझेल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी प्रायमर मारावा लागतो. तिन्ही लक्षणं एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून माझा पहिला संशय त्या नळीवर आहे.

फिल्टर बदलून हे का सुटलं नाही, तेही सांगतो. टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देतो तो फीड पंप. टाकीपासून त्याच्यापर्यंतचा भाग ओढीचा असतो. तिथे सांधा सैल असला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. त्यामुळे सगळं कोरडं, स्वच्छ दिसतं. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथली खोट ओलाव्याने लगेच दिसते. लोक ओल शोधतात आणि कोरड्या भागाला निर्दोष ठरवतात.

खात्री करायला फीड पंपाच्या आधी डिझेल सोसणारी पारदर्शक नळी जोडा आणि टाकी अर्ध्याखाली असताना इंजिन चालवून बघा. बुडबुडे दिसले तर हवा ओढीच्या बाजूनेच येते आहे. मग टाकीकडचा पाइप सोडवा आणि फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या वेगळ्या डब्यातून ओढू द्या. डबा ट्रकच्या टाकीच्या पातळीलाच ठेवा. वर टांगलात तर डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येईल आणि सैल सांधाही शहाण्यासारखा वागेल. ही चाचणी बहुतेक वेळा इथेच फसते. डब्यावर इंजिन नीट चाललं तर खोट टाकी आणि पाइपात. डब्यावरही त्रास राहिला तर फीड पंपाच्या काचेच्या वाटीचं रबर, जाळी आणि प्रायमरची मूठ बघा. मूठ पूर्ण आवळून बसलेली नसली तर तिथूनही हवा जाते.

नळी बाहेर काढल्यावर एक टोक बोटाने बंद करा, दुसऱ्या टोकाने हलकी हवा द्या आणि नळी पाण्यात धरा. चीर लगेच सापडेल. शक्य तर नळी नवीनच घाला. टाकीला मात्र कुठल्याही कारणाने वेल्डिंग किंवा डाग लावू नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ माणसाचा जीव घेते. जोडणी करताना तांब्याचे वॉशर नवे वापरा आणि नंतर हवा काढा, आधी फिल्टरच्या स्क्रूवर, मग पंपाच्या. बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत प्रायमर मारत राहा.

एवढीशी हवा इतका त्रास का देते? स्लोवर एका सिलिंडरला एका वेळी मिळणारं डिझेल थेंबाचाही लहानसा अंश असतं. जुन्या इंजिनांचे नोझल साधारण 200 ते 250 बार दाबाला उघडतात. डिझेल दबत नाही, हवा दबते. पंपातला प्लंजर (दट्ट्या) वर आला की तो बुडबुडाच चेपत बसतो, दाब चढत नाही, नोझल उघडत नाही आणि तो ठोका रिकामा जातो. म्हणून स्लो वाढवून तुमचा त्रास गेला नाही.

आता थरथर. हा वेगळा आजार आहे, कारण टाकी भरूनही तो जात नाही. दोन्ही खोटींची एकच मोट बांधली म्हणून तुमचे मिस्त्री पंपापर्यंत पोचले असावेत. साधारण 600 आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो. त्यातला एक लंगडला तर प्रत्येक धक्का केबिनमध्ये जाणवतो. वेग वाढला की फ्लायव्हील तो पोटात घेतं.

आधी इंजिन माउंटिंग तपासा, रबर फुटलं असेल तर निरोगी इंजिनही थरथरतं. माउंटिंग ठीक असेल तर मिस्त्रींना सिलिंडर कट करून बघायला सांगा. स्लोवर इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या (ज्याच्या टोकाला नोझल असतो त्याच्या) प्रेशर पाइपचा नट अर्धा आटा सैल करायचा, फरक ऐकायचा आणि परत आवळायचा. नट सैल केल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच लंगडा. डोळ्यांना चष्मा हवा, नटावर फडकं हवं आणि हात फवाऱ्यासमोर नको. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी ताबडतोब डॉक्टरकडे जावं लागतं. कॉमन रेल इंजिनावर (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं त्या) हा प्रकार कधीही करू नये, तिथले दाब कितीतरी पटींनी जास्त असतात.

लंगडा सापडला की त्याचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरमध्ये बसवा, शेजारचा त्याच्यात. लंगडेपणा इंजेक्टरबरोबर गेला तर नोझल टेस्टरवर लावा : दाब किती, फवारा कसा, टोकाला थेंब लटकतो का. जागच्या जागी राहिला तर टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) मोजा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कसलेला, म्हणजे फट कमी असलेला, असेल तर तो पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. त्यानंतर कॉम्प्रेशन, आणि सगळ्यात शेवटी पंपाचा तो एलिमेंट. नळी आणि नोझल ठीक झाले की वाढवलेला स्लो पुन्हा मूळ मापावर आणून घ्या.

प्रश्न : रोटरी पंपाची (एकच फिरता भाग सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो तो) जुनी पिकअप आहे. गरम झाल्यावर चालतं इंजिन स्विच बंद केल्यासारखं एकदम थांबतं. थोड्या वेळाने आपोआप सुरू होतं. फिल्टर, पाइप सगळं पाहून झालं.

उत्तर : डिझेल कमी पडलं तर इंजिन आचके देतं, दम तोडत थांबतं. तुमचं एका क्षणात थांबतं, म्हणून मी आधी विजेकडे बघेन. पंपावर स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, असतो. त्याला करंट मिळतो तोवर डिझेलची वाट उघडी राहते. त्याच्या टर्मिनलवरून एक वायर केबिनमध्ये आणून लहान बल्ब लावा आणि गाडी नेहमीसारखी वापरा. इंजिन थांबताना बल्बही विझला तर दोष वायर, कनेक्टर किंवा इग्निशन स्विचच्या कॉन्टॅक्टमध्ये. बल्ब पेटलेला असूनही इंजिन थांबलं तर बहुधा सोलेनॉइडची कॉइल गरम होऊन तुटते आहे, ती बदलून बघा.

प्रश्न : जुन्या ट्रकचं इंजिन स्लोवर वर-खाली, वर-खाली करत राहतं. बंद पडत नाही.

उत्तर : हवा आहे का ते आधी वर सांगितल्याप्रमाणे बघा. नसेल आणि पंपाला इनटेककडून व्हॅक्यूमची नळी येत असेल, तर गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) डायफ्रॅम, म्हणजे पडदा, फाटला असण्याची शक्यता मोठी. इंजिन बंद ठेवून ती नळी पंपाकडून काढा, स्टॉप लिव्हर पूर्ण ओढून धरा, उघड्या तोंडावर बोट दाबा आणि लिव्हर सोडा. डायफ्रॅम धड असेल तर लिव्हर थोडा सरकून अडतो. सरळ परत गेला तर फाटलेला आहे. व्हॅक्यूमची नळीही सोबत तपासा, कडक होऊन तडकलेली असते. आणि ती नळी निघालेली असताना इंजिन चुकूनही सुरू करू नका. व्हॅक्यूम नसला की स्प्रिंग रॅकला (डिझेलचं माप ठरवणाऱ्या दांडीला) पूर्ण डिझेलकडे ढकलते आणि इंजिन आवरत नाही.